सहा गुणिले चार

सदतिसाव्या फायलीत तिला स्वतःची सही दिसली आणि सहीच्या खाली दोन वाक्यं दिसली. सही दिसण्यात नवल नव्हतं. दातांच्या कॉलेजात एकवीस वर्षं शिकवल्यावर माणसाची सही धुळीसारखी सगळीकडे बसलेली असते. हात फिरवावा तिथं लागते. विद्यार्थ्यानं पेशंटच्या दाढेतली कीड काढली की शिक्षकाची सही, औषध घातलं की सही, भरून घासून गुळगुळीत केलं की सही. दिवसातून साठ-सत्तर वेळा ती कागदावर उतरायची, आणि आता तिच्यात अक्षरं अशी राहिलीच नव्हती; एक वळसा आणि मागे शेपूट एवढंच उरलं होतं. खालची वाक्यं मात्र पूर्ण होती. 'मॅडमनी सही केली. चट्टा पाहिला नाही.' अक्षर सरळ, बारीक, प्रत्येक काना उभा. तक्रारीचा सूर नव्हता. ज्या हातानं वरच्या ओळीत 'भूल दिली, दीड मिली' असं लिहिलं होतं त्याच हातानं, पेन तेवढंच टेकवून हेही लिहिलं होतं. तिनं ते दोनदा वाचलं. मग मान वर करून दाराकडे पाहिलं, कुणी बघत तर नाही ना, असं. दार बंद होतं. कागद वाचताना आपण दाराकडे पाहिलं, हे तिला नंतर बराच वेळ टोचत राहिलं.

तपासणी समिती नऊ दिवसांवर आली होती. दर तीन वर्षांनी येणारी ही मंडळी आधी विद्यार्थ्यांचे केसपेपर मागत, म्हणून विभागप्रमुखांनी हे काम तिच्याकडे दिलं होतं. वीस प्रश्नांचा एक तक्ता होता. पेशंटचं नाव-वय आहे का, संमतीची सही आहे का, जुन्या आजारांची चौकशी केली आहे का, दातांचा नकाशा भरला आहे का, प्रत्येक पायरीला शिक्षकाची सही आहे का. असेल तर एक गुण, नसेल तर शून्य. एकशे दहा फायली, दुपारपर्यंत छत्तीस झाल्या होत्या आणि सरासरी साडेअठरा पडत होती. ही सरासरी कुठून येते ते सगळ्यांना ठाऊक होतं. तपासणीची तारीख लागली की विद्यार्थी कँटीनमध्ये टेबलं जोडून बसत आणि चार महिन्यांचे रिकामे रकाने एका बैठकीत भरून काढत. त्याला ते शुद्धलेखन म्हणत. एक जण सांगणार, बाकीचे लिहिणार. त्यामुळे सगळ्या पेशंटांचा रक्तदाब एकशेवीस-ऐंशी असे. "आपल्याकडे बीपीवाल्याला वॉचमन गेटवरूनच परत पाठवतो वाटतं," असं भूल देणारे डॉक्टर म्हणायचे आणि सगळे हसायचे. तीही हसायची. जुन्या आजारांच्या रकान्यात 'विशेष काही नाही' असायचं. न विचारताच लिहायचं, कारण विचारलं की माणूस बोलत बसतो. ती स्वतः विद्यार्थिनी असताना तिनं हे शेकडो वेळा लिहिलं होतं, आणि पुढे शिक्षिका झाल्यावर त्याखाली हजारो वेळा सही केली होती.

सदतिसावी फाईल ज्या विद्यार्थ्याची होती त्याला सगळं कॉलेज 'शिलालेख' म्हणायचं. लिहीत नाही, कोरतो, म्हणून. शेवटच्या वर्षाला चाळीस दाढा भरून पूर्ण कराव्या लागतात; वर्ष संपत आलं तरी त्याच्या तेवीसच झाल्या होत्या. बाकीचे सकाळी दोन पेशंट उरकत तेव्हा हा पहिल्याशीच बोलत बसलेला असे. तिलाही तो आठवत होता तो पाठमोरा, स्टुलावर वाकलेला, मांडीवर पॅड. तिनं पान नीट सरळ केलं आणि पहिल्यापासून वाचलं. पेशंट टेलर, वय त्रेपन्न. 'वरच्या समोरच्या दोन दातांना खाच. दोरा दातांनी तोडण्याची, तीस वर्षांची सवय. भरून देऊ का विचारले. नको म्हणाला, मग दोरा तुटायचा नाही. विडी सोडून अकरा वर्षे. आधी दिवसाला पंधरा.' आणि मग ती तारीख, चौदा, बारा वाजून पस्तीस मिनिटं. 'उजव्या खालच्या दुसऱ्या दाढेतील कीड काढली. दाढेचा एक कोपरा तुटून धारदार. त्याच पातळीवर, गालाच्या आत, पांढरा चट्टा, सहा गुणिले चार मिलिमीटर. कापसाने पुसून जात नाही. दुखत नाही. पेशंटला माहीत नव्हता. दाखवण्यासाठी मॅडमना बोलावले.' मग सही. मग ती दोन वाक्यं. पुसून न जाणारा पांढरा चट्टा तीन आठवड्यांत हटला नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा, कारण त्यातला एखादाच वाईट, कॅन्सरचा, निघतो पण तो कोणता हे वरून कळत नाही, असं ती दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी शिकवायची. फळ्यावर तीन आठवडे याखाली दोन रेघा मारायची. चौदा तारखेला चार महिने होऊन वर आठ दिवस झाले होते.

त्या दिवशी असं काय होतं, याचा ती शोध घेऊ लागली. काहीतरी असणारच असं तिला वाटत होतं. आईला दवाखान्यात नेलं असेल, मुलीच्या शाळेतून फोन आला असेल, निदान डोकं तरी दुखत असेल. फोन काढून तिनं चौदा तारखेचे फोटो पाहिले. बारा वाजून त्रेचाळीस मिनिटांचा एक फोटो होता. कर्मचाऱ्यांच्या खोलीतलं लांब टेबल, वर केक, क्ष-किरण विभागातल्या बाईंना बढती मिळाली होती त्याचा. ती स्वतः कडेला होती, हातात कागदी बशी, हसत. पस्तीस आणि त्रेचाळीस. मध्ये आठ मिनिटं, त्यात जिना उतरायचा आणि हात धुवायचे. तोंड उघडून बसलेला एक माणूस, शेजारी आरसा धरून उभा असलेला मुलगा, 'मॅडम, इथं जरा,' असं काहीतरी, आणि तिनं पॅड ओढून घेऊन शेपूट काढलं असेल. असेल, कारण तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. केक आठवत होता. जरा जास्तच गोड होता. तिनं फोन पालथा ठेवला. तिच्या आयुष्यातल्या त्या आठ मिनिटांचा एकच खरा साक्षीदार हा कागद होता, आणि तिला स्वतःला ठाऊक नव्हतं ते त्याला ठाऊक होतं.

तिचे वडील पाणीपुरवठ्याच्या टाकीवर नोकरीला होते. टाकी डोंगरावर, शेजारी दोन खोल्यांचं घर, आणि घरात कुठल्याही देवापेक्षा जास्त मान एका जाड वहीला. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, टाकीतल्या पाण्याची उंची वहीत. ती अकरा वर्षांची असताना त्यांना ताप भरला आणि त्यांनी तिला पाठवलं, "जा, पट्टीवरचा आकडा बघून ये, आणि लिही." लोखंडी जिना दवानं ओला होता. ती चार पायऱ्या चढली, खाली पाहिलं, आणि उतरली. वहीत तिनं आदल्या दिवसापेक्षा एक बोट कमी लिहिलं. रोज साधारण तेवढंच कमी व्हायचं. वडिलांनी वही पाहिली, तिच्या जेमतेम ओलावलेल्या चपलांकडे पाहिलं. अंगावर चादर तशीच घेऊन उठले, तिचा हात धरला आणि तापात तिच्यामागून एकेक पायरी चढले. वर त्यांनी झाकण सरकवलं. तिला वाटलं होतं पाणी दिसेल. पण आधी गारवा आला, मग वास, आणि मग खूप खाली, अजिबात न हलणारं, काळं, केवढं तरी काहीतरी. "सगळं गाव पितंय हे," वडील म्हणाले. "बघितल्याशिवाय नाही लिहायचं." खाली येऊन त्यांनी तिच्या आकड्यावर एकच रेघ मारली, आडवी, आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी खरा लिहिला. वर्षानुवर्षं ती वर्गात सांगत आली होती की केसपेपरवर चूक झाली तर एका रेघेनं खोडा, आधीचं वाचता आलं पाहिजे. ते कुठून आलंय हे मात्र ती विसरून गेली होती.

पुढचं पान उलटताना तिचा हात जरा थबकला. वाचायला घेतलेल्या कागदाची भीती वाटावी हे तिला नवीन होतं. दोन आठवड्यांनंतरची नोंद: 'दुसऱ्या सरांच्या देखरेखीखाली धारदार कोपरा घासला. चट्टा सहा गुणिले चार. सरांना विचारले. सर म्हणाले, ज्यांची पहिली सही त्यांनाच दाखव.' बरोबर होतं. विभागाचा नियमच तो, ज्याची सही त्याचा पेशंट, आणि तो नियम बैठकीत तिनंच सुचवला होता. आणखी दोन आठवडे: 'सहा गुणिले चार. मॅडमना सांगितले. मॅडम म्हणाल्या, नंतर.' मग: 'वरच्या मजल्यावर तोंडाच्या आजारांच्या विभागात पाठवण्यासाठी चिठ्ठी लिहून मॅडमच्या टेबलावर ठेवली.' ती उठली. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ट्रे होता, त्यात परिपत्रकं, रजेचे अर्ज, औषध कंपन्यांची चकचकीत पत्रकं. चिठ्ठी तळापासून चौथी होती. तारीख, पेशंटचं वय, माप, 'कृपया तपासावे', आणि खाली रेघ, सहीसाठी, रिकामी. ती चिठ्ठी हातात घेऊन उभी राहिली. रोज याच ट्रेशेजारी ती डबा खायची.

पुढच्या नोंदीला पेशंट आला नव्हता. 'फोन केला. मेहुण्याने घेतला. कामाची गर्दी आहे म्हणाला.' आणि त्याच्या चार दिवसांनंतर: 'दुकानात जाऊन पाहिले. खिडकीच्या उजेडात, दुपारी तीन. पाच गुणिले तीन. उजेड वेगळा असल्याने मापात फरक असू शकतो.' ही ओळ तिनं पुनःपुन्हा वाचली. पेशंटच्या दुकानात जायला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला गुण नव्हते. वीस प्रश्नांच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता. चाळीस दाढांच्या हिशेबात चट्टा धरतच नाहीत. सतरा दाढा कमी पडलेला मुलगा अख्खी दुपार घालवून, खिशात आरसा घालून, शिवणयंत्रांच्या खडखडाटात एका माणसाचा गाल बाजूला करून पाहतो, आणि मग स्वतःच्याच मापावर विश्वास ठेवू नका असं लिहून ठेवतो. त्यानंतर आणखी तीन भेटी, तीन मापं, पाच गुणिले तीन, पाच गुणिले तीन, पाच गुणिले तीन. शेवटची ओळ: 'लहान झाला असे वाटते, पण मॅडमनी पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही. येत्या गुरुवारी बोलावले आहे.' आज मंगळवार होता. तक्त्याप्रमाणे या फायलीला वीसपैकी पंधरा गुण पडत होते, कारण दोन ठिकाणी शिक्षकाची सही नव्हती आणि तीन ठिकाणी मजकूर रकान्याबाहेर गेला होता.

फायली सांभाळणाऱ्या मावशी पुढचा गठ्ठा घेऊन आल्या तेव्हा तिनं विचारलं, "या मुलाच्या बाकीच्या फायली आहेत का?"

"शिलालेखच्या? आणते की. हाताला लागल्या की कळतात मला, वजनावरनं." मावशी गठ्ठा ठेवत म्हणाल्या. "काही घोटाळा केला का त्यानं?"

"नाही. का?"

"नाही, तुमचा चेहरा तसा झालाय."

मावशींनी आणलेल्या बावीस फायली वाचण्यात दुपार गेली. बाकीच्या त्र्याहत्तर तशाच राहिल्या. 'वय सहा. आईने सांगितले, घाबरत नाही. घाबरतो.' 'रक्तदाब एकशे अठ्ठावन्न, शहाण्णव. बस चुकली म्हणून धावत आले. दहा मिनिटे बसवले. एकशे बेचाळीस, नव्वद. तरी जास्त. आजची दाढ रद्द.' 'कीड लागली कशी ते सांगताना पेशंट रडल्या. कारण दाताशी संबंधित नाही म्हणून लिहिलेले नाही.' 'गाणे शिकवतात. पुढचा दात भरल्यावर स म्हणून पाहिला, दोनदा. दुसऱ्या वेळी स्वतःच म्हणाले, आता बरोबर.' एका म्हातारीच्या दातांच्या नकाशात खालचे सहाच दात उरलेले होते आणि बाजूला लिहिलं होतं, 'या सहांवर सर्व काही खातात. कसे ते दाखवले.' तिनं आयुष्यात किती तोंडांत डोकावलं असेल याचा तिनं कधी हिशेब केला नव्हता. आता बसल्या जागी ती सगळी तोंडं उघडी, ओळीनं, दिव्याखाली, आणि त्यामागे चेहरे नव्हते. इथं चेहरे होते. मुलानं चेहऱ्याबद्दल एक शब्द लिहिला नव्हता, दाढा आणि मापं आणि तारखाच लिहिल्या होत्या, आणि तरी पानापानांतून माणसं उठून बसत होती. खोली भरल्यासारखी झाली. एकदा तिला भास झाला की थंड हवा येते आहे, म्हणून तिनं खिडकीकडे पाहिलं; खिडकी बंद होती. लाजेपेक्षा हे मोठं होतं. लाज तिला कळली असती. हे म्हणजे आपण रोज ज्या जमिनीवर चालतो तिच्याखाली किती खोल आहे ते कुणीतरी झाकण सरकवून दाखवावं, तसं होतं.

सहा वाजायच्या आधी विभागप्रमुख आले. स्थूल, हसतमुख, स्वभावानं वाईट नसलेला माणूस. तिनं ती फाईल त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी उभ्यानंच वाचली आणि ओठ चावले.

"हे समितीच्या हातात पडलं तर बोंब," ते म्हणाले. "पोराला अक्कल नाही. असं कुणी लिहितं का? बोलावून घ्या, कोरा केसपेपर द्या, म्हणावं एवढं पान नवीन उतरवून काढ. ती दोन वाक्यं गाळून."

"आणि पेशंट?"

"पेशंटला गुरुवारी बघा की. ते कोण नाही म्हणतंय? पेशंट वेगळा, पान वेगळं."

"सर, पान खरं आहे."

"खरं आहे म्हणूनच तर म्हणतोय." ते खुर्चीवर बसले. "मॅडम, मी तुमच्या भल्याचं सांगतोय. आणि त्याच्याही. सतरा दाढा कमी आहेत त्याच्या, सहा महिने जास्त लागणार. पान बदललं तर दाढांचं मी काहीतरी बघेन. एवढं अडून कशाला बसायचं? शिवाय यात तुमचं नाव कुठंय? नुसतं मॅडम लिहिलंय. विभागात पाच मॅडम आहेत."

"सही एकच आहे, सर."

त्यांनी फाईल मिटून तिच्याकडे सरकवली. मग म्हणाले, "उद्याचा दिवस विचार करा," आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं, आजाऱ्याच्या खोलीचं ओढतात तसं.

घरी नवरा बाल्कनीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होता. तो नकाशे काढणाऱ्या कचेरीत होता, मोजमापांचा माणूस, कमी बोलणारा. ती पिशवी न ठेवताच म्हणाली, "इकडे ये, उजेडात बस. आ कर." त्यानं कपडे खांद्यावर घेतले आणि बसला. तिनं फोनचा दिवा लावला, चमच्याच्या दांड्यानं गाल बाजूला केला. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. "आज ओपीडी घरी?" तो म्हणाला, म्हणजे तसं काहीतरी, तोंडात दांडा असताना. वरची डावी दाढ काळी पडली होती, मागून अर्धी पोखरलेली. "ही कधीपासून?" तिनं विचारलं. त्यानं दांडा बाजूला केला. "दोन वर्षं. सांगितलं होतं तुला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर म्हणालीस." "मग?" "मग काय, करतोय." तो चेष्टा करत नव्हता. रोज सकाळी न्हाणीघरातून गुळण्यांचा आवाज येतो तो ती ऐकत होती, दोन वर्षं. ती त्याच्या शेजारी खुर्चीच्या हातावर टेकली आणि त्यानं खांद्यावरचे कपडे तिच्या मांडीवर ठेवले, घडी घालायला. ती घालू लागली. बाहीला बाही जुळवताना तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती: तो मुलगा इथं असता तर त्यानं काय लिहिलं असतं. 'दोन वर्षे गुळण्या. पत्नी दंतवैद्य.' एवढंच. आणि ते वाचणाऱ्याला सगळं कळलं असतं.

बुधवारी तिनं मुलाला बोलावलं. तो दारात उभा राहिला, पांढऱ्या कोटाच्या खिशात तीन पेनं. फाईल टेबलावर उघडी पाहून त्याची मान खाली गेली.

"हे लिहिताना मी वाचेन असं वाटलं नाही तुला?" तिनं विचारलं.

"वाचाल असंच वाटलं होतं, मॅडम. रोज."

तिनं समोरची खुर्ची दाखवली. मग म्हणाली, "दुसऱ्या कुणाकडे का गेला नाहीस? डीनकडे?"

"दोनदा गेलो, दारापर्यंत. तुमचं नाव सांगावं लागलं असतं." त्यानं मान वर केली. "ते चुकलं माझं. तुम्ही वाचाल याची वाट बघण्यात माणसाचे चार महिने गेले. तेही लिहायला पाहिजे होतं."

"सरांनी पान बदलायला सांगितलंय. बदललंस तर दाढांचं बघतो म्हणालेत."

"तुम्ही काय सांगता?"

असा प्रश्न विद्यार्थी विचारत नाहीत. त्यात उद्धटपणा नव्हता. माप घेताना विचारतात तसा होता. सगळं अजून हातात होतं, हे तिला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. एक कोरा कागद, दहा मिनिटं. तेवढ्यात सगळं सरळ. मुलाचे सहा महिने वाचतील, तिचं नाव वाचेल, पेशंट तर उद्या येणारच आहे. कुणाचंही काही बिघडणार नव्हतं. फक्त त्या दिवशी बारा पस्तीसला जे झालं ते कुठंच झालेलं राहणार नव्हतं.

"राहू दे," ती म्हणाली. "सहा महिने जास्त लागतील तुला."

"माहीत आहे, मॅडम."

"घरी काय सांगशील?"

"वडील म्हणतात, तू डॉक्टर होशील तोवर आमचे दातच उरायचे नाहीत." तो पहिल्यांदा जरासा हसला. "तेच परत म्हणतील."

गुरुवारी टेलर पावणेअकराला आला. काटक, गळ्यात मोजपट्टी तशीच विसरलेली. खुर्चीत बसता बसता सांगू लागला, "हे डॉक्टरसाहेब दुकानात आले होते तेव्हा गिऱ्हाइकांना वाटलं कोट शिवायला टाकायला आलेत. मी खिडकीत आ करून बसलो तर एक जण म्हणतो, काय टेलर, आज तोंडाचं माप?" आणि स्वतःच हसला. मुलगा उपकरणं आणायला गेला. फाईल तिच्या हातात होती. टेलरनं फायलीकडे बोट केलं. "एवढी जाड? माझी? बघू का जरा?"

पेशंटला फाईल वाचायला देत नाहीत, असा काही नियम नाही. आजवर कुणी मागितली नव्हती एवढंच. नंतर बघा, असं म्हणणं सहज शक्य होतं. शब्द ओठांवर आला होता. तिनं फाईल त्याच्या मांडीवर ठेवली.

त्यानं चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागला. खाचांचं वाचून जिभेनं दात चाचपले. विडीचं वाचून "पंधरा नाही, वीस होत्या," असं पुटपुटला. बाहेर मावशी नंबर पुकारत होत्या. मुलगा ट्रे घेऊन आला आणि जागच्या जागी उभा राहिला. बोट खाली सरकत सरकत चौदा तारखेवर आलं, मापावर आलं, सहीवर आलं, आणि खालच्या दोन वाक्यांवर थांबलं. बराच वेळ थांबलं. मग परत वर, सहीवर गेलं.

"ही तुमची?"

"माझी."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. कापड अंगठ्या-बोटात धरून पोत बघतात तसं, घाई न करता. मग पुढची पानं वाचली, सगळी, दुकानातल्या दुपारपर्यंत आणि त्याही पुढची. शेवटी चष्मा काढून खिशात ठेवला आणि फाईल मुलाच्या हातात दिली.

"आम्ही पण जुनं माप पुसत नाही," तो म्हणाला. "माणूस बारीक होतो, जाड होतो, मापं सगळी एकाखाली एक." आणि तिच्याकडे वळून, "बघा आता. नीट बघा." त्यानं मान मागे टेकली आणि तोंड उघडलं.

तिनं दिवा खाली ओढला. आरशाच्या कडेनं गाल बाजूला केला आणि वाट पाहिली, डोळा सरावेपर्यंत. ओलसर गुलाबी भिंत, तिच्यात दोऱ्याहून बारीक लाल रेषा, श्वासागणिक किंचित हलणारी. एवढ्या वर्षांत ती हे पाहत आली होती आणि हे तिनं पाहिलंच नव्हतं: की ही भिंत जिवंत आहे, आणि तिच्यामागे तो अख्खा माणूस आहे, त्याची वीस विड्यांची वर्षं, त्याचे दोरे, त्याचा मेहुणा. दाढेच्या पातळीवर, काचेवर वाफ बसावी तसा, चट्टा होता. तिनं कापूस फिरवला. गेला नाही. बोटानं दाबून पाहिलं. मिलिमीटरच्या खुणांची सळई लावली.

"लांबी पाच," ती म्हणाली. "रुंदी साडेतीन."

"मला तीन आली होती, मॅडम."

"तुझी तशीच राहू दे. खाली माझी लिही. खालची कड स्पष्ट, वरची विरत गेलेली. दाबल्यावर कडक लागत नाही. वरून सांगता येत नाही. तुकडा काढून तपासायला हवा, आजच. मी स्वतः वर घेऊन जाते."

मुलगा लिहीत होता. टेलरचे डोळे छताकडे होते, मिटलेले नव्हते. बाहेर मावशींनी एक नंबर दोनदा पुकारला.

"मॅडम," मुलगा म्हणाला, "मॅडमनी आज पहिल्यांदा पाहिला, असं लिहू?"

"लिही. वेळ घाल."

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पेन टेकवलं. ती आरसा तसाच धरून, गाल बाजूला करून, त्याचं लिहून होईपर्यंत पाहत राहिली.